नेल्या ओस्तापिव्नांची खिडकी

१२ एप्रिल २०२३, बुधवार. दोन पिशव्या चुना आणि तीन ब्रश, मिळून ४८६ ह्रिव्निया. पैसे नेल्या ओस्तापिव्नांनी दिले, कारण सोसायटीच्या खात्यातून खर्च करायला सभेची मंजुरी लागते आणि मी, म्हणजे सोसायटीचा अध्यक्ष, नियमाबाहेर जात नाही. क्षेपणास्त्र पडलं त्या दिवशीही मी आधी जिन्यातल्या दिव्यांचं मुख्य बटण बंद केलं आणि मग पळालो.

आमची इमारत खार्किवच्या साल्तिव्का भागात आहे, नऊ मजली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात अंगणात क्षेपणास्त्र पडलं आणि चार माणसं गेली. त्यातली तमिला ही नेल्या ओस्तापिव्नांची समोरच्या दारातली शेजारीण. दर वसंतात दोघी मिळून अंगणातल्या झाडांच्या बुंध्यांना आणि वाटेच्या कडेच्या दगडांना चुना लावायच्या. तिसऱ्या जिन्याच्या घरांत एकही काच राहिली नाही. नेल्या ओस्तापिव्नांच्या स्वयंपाकघराची खिडकी चौकटीसकट ओट्यावर येऊन पडली. तिथे प्लायवूड ठोकलं, आणि तेव्हापासून त्या भरदुपारी दिवा लावून बटाटे सोलू लागल्या.

या बाईंनी एकतीस वर्षं ट्राम चालवली. मी त्याच डेपोत हिशेबनीस आहे. फेरीआधी त्या ट्रामच्या काचा स्वतः पुसत, व्हिनेगर आणि जुनं वर्तमानपत्र घेऊन. त्यापायी गाडी उशिरा सुटे आणि डेपो त्यांचा बोनस कापे. "लोकांनी शहर बघायचं की माझी धूळ?" असं त्या साहेबांना विचारत. आता त्या एकाहत्तर वर्षांच्या आहेत.

जगानं आमची बाजू घेतली होती, हे मात्र मान्य करायला हवं. रोज संध्याकाळी तळघरात कोणत्या देशानं कसा निषेध केला ते मी सगळ्यांना सांगत असे. 'निषेध', 'तीव्र निषेध' आणि 'अत्यंत कठोर शब्दांत निषेध' यांतला फरक मला आता झोपेतही कळतो. फेब्रुवारीत संयुक्त राष्ट्रांत एकशेएकेचाळीस देशांनी आमच्या बाजूनं मत दिलं होतं. तो आकडा मी एप्रिलपर्यंत पुरवून पुरवून वापरला.

"एकशेएकेचाळीस," नेल्या ओस्तापिव्ना म्हणाल्या. "आणि आपल्या सभेला किती येतात, अध्यक्ष?"

"अकरा."

"मग त्यांचा अध्यक्ष बरा दिसतोय. त्यांच्यात कोणी काच बसवणारा आहे का, विचारा."

एप्रिलमध्ये नगरपालिकेतून फोन आला. परदेशी पाहुणे नुकसान बघायला येणार होते. ते ज्या इमारतीची निवड करतील, तिला हिवाळ्याआधी खिडक्या मिळणार होत्या. "काही हलवू नका," फोनवरचा माणूस म्हणाला. "काचांचा ढीग, जळकी मोटार, आहे तसं दिसू द्या." मी हो म्हटलं.

पण पाहुणे ईस्टरनंतरच्या मंगळवारी येणार होते आणि मध्ये आला शुद्ध गुरुवार, ईस्टरआधी घरदार झाडून लख्ख करायचा दिवस. त्या दिवशी ज्याच्या घरात केर राहतो, त्याला आमच्याकडे वर्षभर बोलणी खावी लागतात.

"परदेशी माणसं येणार आणि अंगणात हे?" नेल्या ओस्तापिव्नांनी ढिगाकडे बोट केलं.

"हेच बघायला येतायत ते."

"घाण बघायला पाहुणे बोलावलेत? तमिला असती तर झाडूनं हाणलं असतं तुम्हाला."

"नेल्या ओस्तापिव्ना, खिडकी तुमचीच जाईल."

"जाऊ दे. तमिलाचे बुंधे मी काळे ठेवणार नाही."

मी तासभर ठाम राहिलो. खरं म्हणजे तो ढीग महिनाभर मलाही डोळ्यात खुपत होता. तासाभरानं मीच दुकानात जाऊन चुन्याचा भाव विचारून आलो.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत काचा उचलल्या, मोटार मागे ओढून नेली, बुंधे कमरेइतके पांढरेशुभ्र झाले. जळलेल्या भिंतीवर फळ्या ठोकून मी त्यांना हिरवा रंग दिला. त्या कामाचा मला अभिमान वाटला, आणि लाज वाटते ती ही की तो अजून पुरता गेलेला नाही.

मंगळवारी पाहुण्या बाई आल्या. उंच, सडपातळ, सोबत एक तरुण दुभाष्या.

"बाई विचारतायत, हल्ला झालेली इमारत कोणती?"

"हीच," मी म्हणालो. बाईंनी ट्युलिपच्या वाफ्याकडे पाहून नम्रपणे मान हलवली.

नेल्या ओस्तापिव्ना त्यांना वर घेऊन गेल्या. टेबलावर भरतकामाचं कापड, रंगवलेली अंडी, ईस्टरचा गोड पाव. पावाचा एक तुकडा त्यांनी आधीच बाजूला झाकून ठेवला.

"तो कोणाचा?" दुभाष्यानं विचारलं.

"शेजारणीचा."

तमिलाच्या कबरीवर न्यायचा होता तो. बाईंना वाटलं, शेजारीण मागाहून येणार असेल. त्या गोड हसल्या.

प्लायवूडवर नेल्या ओस्तापिव्नांनी खळ घातलेला जाळीचा पडदा लावला होता.

"छान घर आहे म्हणतायत," दुभाष्या म्हणाला. "इथे काही अडचण आहे का?"

नेल्या ओस्तापिव्नांनी माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याला खेटून उभा होतो. हात उचलून तो सरकवला असता तर काम झालं असतं. मी हात उचललाही. पडद्याची एक चुणी वाकडी होती, ती सरळ केली.

"अडचण कसली," नेल्या ओस्तापिव्ना म्हणाल्या. "त्यांना म्हणावं, अजून पाव घ्या. वाळलीय बिचारी."

बाई तिथून शेजारच्या इमारतीकडे गेल्या. तिथला अध्यक्ष पोल्ताव्हाला निघून गेला होता, त्यामुळे झाडायला सांगणारं कोणी नव्हतं. तिथे त्या तासभर फोटो काढत होत्या. एकदा त्या डोळे पुसत होत्या, तेव्हा मी त्यांना खिडकीतून, म्हणजे जिन्यातल्या भोकातून, पाहिलं. दोन दिवसांनी त्यांच्या देशानं अत्यंत कठोर शब्दांत निषेध केला. मी तळघरात तो वाचून दाखवला.

"कठोर आहेत ते बरं," नेल्या ओस्तापिव्ना म्हणाल्या. "माप विचारलंत का? माझी खिडकी एक मीटर तीस बाय एक चाळीस."

ऑक्टोबरमध्ये शेजारच्या इमारतीला नव्या खिडक्या बसल्या. नेल्या ओस्तापिव्ना व्हिनेगर आणि वर्तमानपत्र घेऊन तिथे गेल्या आणि काच कशी पुसायची ते दाखवून आल्या. त्यांच्या स्वतःच्या प्लायवूडवर मी आतून घोंगडी ठोकून दिली. वरून पडदा आहेच.

नोव्हेंबरच्या सभेला सात जण आले. गणसंख्या भरली नाही, खर्च मंजूर झाला नाही. नेल्या ओस्तापिव्नांचे ४८६ ह्रिव्निया सोसायटीकडून येणे आहेत.