पिटुकलीची बाही

“मला विचारा, मी सांगते,” हे मावशींचं ठरलेलं वाक्य. शाळेत कुणी पिटुकलीकडे बघून भुवया वर केल्या की मावशी ते पुढे सरकवायच्या. पिटुकलीला बोलता येत नव्हतं. पायांत बळ नव्हतं, हातही त्याच्या मनाला येईल तेवढाच चालायचा. मावशी शाळेत मदतनीस, शिक्षण सातवीपर्यंत. पण पोर पाच वर्षांची होती तेव्हापासून, म्हणजे सहा वर्षं, त्या तिच्या चाकाच्या खुर्चीला आपली खुर्ची लावून बसत आल्या होत्या. डोळे मिटले म्हणजे ऊन लागतंय. मान डावीकडे झुकली म्हणजे शू. मावशींची बाही ओढली म्हणजे तहान. बाही ओढली की मावशी बाटलीचं टोपण काढायच्या, आणि पिटुकली निमूट प्यायची.

भागात कारखाने आले तशी वस्ती फुगली. पाच शाळांच्या अकरा झाल्या. शाळा उघडण्याआधी शिक्षण मंडळाची सभा भरायची आणि नव्या वर्षाची उद्दिष्टं ठरायची. दर वर्षी मावशी शेवटच्या रांगेतून उठून एकच मागणं मागायच्या: अशा मुलांना शिकलेलं माणूस द्या, मी आपली अंदाजाने चालवते. अंदाजाचं हे नुसतं तोंडाने. पोरीचं आपल्याला सगळं कळतं, ही मनातली खात्री दगडासारखी पक्की होती.

यंदा कागद आला. वर्गात तीसच मुलं, प्रत्येक शाळेला वाचनाची खोली, आणि तिसरं उद्दिष्ट मावशींचं. मोठ्या बाईंकडून त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं. घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, “मंडळसुद्धा तुझं ऐकायला लागलं म्हणायचं. आता मी एकटा किती दिवस तग धरणार?”

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी त्यांना खोलीत बोलावलं, बसा म्हणाल्या, आणि मग बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, शिकलेलं माणूस म्हणजे बारावी पास आणि वर प्रमाणपत्र, ते आता तुमच्या जागी येणार. मावशींना गावाच्या पलीकडच्या नव्या शाळेत, सामानाच्या खोलीवर जावं लागणार होतं. मावशी म्हणाल्या, मागितलं मीच, रडू कुणाजवळ. फक्त एक आठवडा द्या, पोरीच्या खुणा नव्या बाईला शिकवून जाते.

नवी ताई पोरसवदा. तिच्याजवळ चित्रांची पाटी होती. पाणी, ऊन, दुखणं, घर, अशी सोळा चित्रं. मावशी एकेक खूण सांगायच्या, ताई वहीत उतरवून घ्यायची. आपल्याला असं कुणी लिहून घेतं, याचा मावशींना आतून अभिमान वाटत होता.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पिटुकलीने बाही ओढली. मावशींचा हात बाटलीकडे गेला. ताईने पाटी पुढे धरली. पिटुकलीचं बोट थरथरत निघालं, पाण्यावरून पुढे गेलं, आणि गळ्यात हात टाकलेल्या तीन मुलींच्या चित्रावर टेकलं.

“पाणी नकोय तिला,” ताई म्हणाली. “मुलींत जायचंय.”

मावशी म्हणाल्या, बोट घसरलं असेल. ताईने परत विचारलं. बोट परत तिथेच. मग मावशींनी पाटी आपल्या हातात घेतली आणि खालची बाजू वर करून धरली. बोट शोधत शोधत फिरलं, त्याच मुलींवर आलं, आणि पिटुकली मान मागे टाकून हसली. सहा वर्षांत मावशींनी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

मुली धावत आल्या. पिटुकलीची खुर्ची मधल्या बाकाला लागली. मावशींची खुर्ची वाटेत येत होती, ती एकीने उचलून भिंतीला ठेवली.

मोठ्या बाईंना सगळं कळलं तेव्हा त्या समजावू लागल्या, की तुम्ही होतात म्हणून ती पोर शाळेत टिकली.

“होते ना बाई,” मावशी म्हणाल्या. “ती मैत्रिणी मागत होती, आणि मी तिच्या आणि त्यांच्या मधे बसले होते.”

मागून घेतलेल्या आठवड्याचे दिवस अजून उरले होते. ते त्यांनी घेतले नाहीत. पिशवी खांद्याला लावली आणि फाटकातून निघाल्या, नेहमीपेक्षा जरा भरभर. मोठ्या बाई व्हरांड्याचा खांब धरून मावशी वळणाआड जाईपर्यंत बघत राहिल्या. वर्गात पोरींचा गलका चालला होता, आणि पिटुकलीची दाराकडे पाठ होती.