पुढची सवारी

कडूबाच्या जीपमध्ये एका खेपेला एकोणीस माणसं बसली होती, असं देवगाव रंगारीत अजूनही सांगतात. खुद्द कडूबाला विचारलं तर तो नाराज होतो. "एकवीस," म्हणतो. "टपावरच्या दोघांला लोक धरीतच नाय."

आठवीपर्यंत शाळा आणि पुढं पंचवीस वर्षं देवगाव ते शहर काळी-पिवळी जीप, एवढंच त्याचं चरित्र. पण जीपमध्ये माणसं बसवायची त्याची एक विद्या होती. जाडा माणूस खिडकीला, वाळका दोन जाड्यांच्या मध्ये. लेकुरवाळीला कोपरा. बांधावरून भांडलेले भाऊबंद एका बाकावर चालतील, पण मध्ये एक परका पाहिजे. सगळ्यात कडक नियम पुढच्या शिटाचा. ड्रायव्हरशेजारची ती जागा सगळ्यात शेवटी भरायची. तिथं सरपंच, मास्तर, नाहीतर कुणाचा तरी जावई बसणार, आणि असा मानाचा माणूस एकदा टेकला की दर मिनिटाला घड्याळ बघून "चला आता, चला आता" करणार. म्हणून आधी मागचं दार लागायचं, मग टपावर दोन थापा, मग "देवगाऽव, देवगाव, देवगाऽव!" अशी हाळी, की नगर नाक्यावरची कबुतरं उडायची, आणि मग पुढची सवारी चढायची. त्यातूनही कुणी खाली उरलंच, तर कडूबा खिडकीतून मान काढून सांगायचा, "मागून गाडी हाये, दमानं या."

मागून गाडी असायचीच असं नाही. पण ज्याला हे सांगितलं तो निमूट दगडावर बसायचा आणि तंबाखू मळायला लागायचा.

पुढं घरोघर मोटारसायकली आल्या. जीप अर्धी भरू लागली, मग पाव. पुढच्या शिटावर वाटेल त्याला बसवायची पाळी आली, त्या दिवशी कडूबानं ओळखलं की संपलं. जीप विकली, मका आणि अद्रक करायला लागला, आणि दर रविवारी शहरातल्या छावणी भागात राहणाऱ्या श्रीधररावांची गाडी चालवायला लागला.

श्रीधरराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. डोळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांच्या गाडी चालवण्यावर बायकोनं, म्हणजे यमुनाबाईंनी, बंदी घातली होती. कडूबाला वाटलं, म्हातारा-म्हातारीला देवदर्शनाला न्यायचं असेल. पहिल्या रविवारी गेला तर फाटकात एक वासरू उभं. करडं, गुळगुळीत, कान लोंबते.

"साहेब, हे काय हो?"

"हा दिवाण. ग्रेट डेन आहे. वर्षाचा व्हायचाय अजून, वाढेल."

"आजून वाढंल?"

"सवारी हीच आहे, कडूबाशेठ. याला पळायला रान पाहिजे. मी आपला सोबतीला."

एकवीस माणसं बसवणाऱ्या कडूबाला त्या दिवशी एक कुत्रं बसवता येईना. मागं घातला तर श्रीधररावांना टेकायला जागा नाही. उभा राहिला तर टपाला डोकं. बसला तर त्याची हनुवटी कडूबाच्या खांद्यावर आणि लाळ थेट शर्टाच्या खिशात. पडेगावपर्यंत खिसा भरला. तिथं कडूबानं गाडी बाजूला घेतली आणि जुनी विद्या बाहेर काढली.

"लांब टांगाची सवारी पुढं. साहेब, तुमी मागं या."

पुढचं शीट पार मागं सरकवलं. पुढच्या रविवारी त्यावर सारजाबाईनं, म्हणजे कडूबाच्या बायकोनं, शिवलेली गोधडीही आली. आणि बसायची रीत ठरून गेली. आधी साहेब मागं. दार बंद. टपावर दोन थापा. "देवगाऽव, देवगाव, देवगाऽव!" मग दिवाण एक एक पाय आत घेत, कुणाच्या तरी जावयासारखा, पुढच्या शिटावर विराजमान व्हायचा. छावणीतल्या त्या शांत गल्लीत ही हाळी घुमली की समोरच्या बंगल्यातल्या बाई खिडकी लावून घ्यायच्या. श्रीधरराव मात्र मागून म्हणायचे, "आवाज कमी झाला, कडूबाशेठ. अजून एकदा होऊ द्या."

सात वर्षं रविवार असे गेले. दौलताबाद फाट्यावर पेरू विकणारी पारूबाई कापलेला पेरू आधी पुढच्या खिडकीत द्यायची. "पयले दिवाणसाब को," म्हणायची, "मागचे कारकून थांबतेत." मागचे कारकून खो खो हसायचे. देवगावला पोचलं की दिवाण कडूबाच्या मक्यातून असा पळायचा की लांबून नुसते तुरे हललेले दिसायचे, आणि श्रीधरराव लिंबाखाली बाजेवर पडून त्या हलत्या तुऱ्यांकडं बघत राहायचे. बोलणं फारसं नाही. एकाला जीप आठवायची, एकाला धरणं. दुपार सरायची.

यमुनाबाई कधी आल्या नाहीत. "त्या गाडीत? माझ्या साडीला केस लागतात," असं म्हणून फाटकातूनच दोन डबे द्यायच्या. एक माणसांचा. दुसऱ्यात बिनमिठाचा दहीभात.

"त्याच्यासाठी म्हणून काही केलेला नाही हं. उरला होता."

दर रविवारी बरोब्बर एका ग्रेट डेनपुरता भात उरायचा.

यंदा पाडव्यानंतर श्रीधररावांचं दुखणं वाढलं. दवाखान्यात कडूबा भेटायला गेला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "दिवाणला रान द्या."

"देतो की साहेब," कडूबा म्हणाला.

ते गेले. गाडी अंगणात झाकून राहिली, आणि दिवाण पुन्हा तिच्यात चढला नाही.

पोळा झाल्यावर पुण्याहून हिमानी आली. श्रीधररावांची ही एकुलती एक मुलगी. आईला उद्या सकाळी ती कायमचं घेऊन जाणार होती. तिचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, घरात रांगतं पोर. तिथं दिवाण मावण्यासारखा नव्हता. "कडूबाकाका, दिवाणला तुम्हीच न्या. गाडीही तुमच्याकडेच राहू द्या, त्याला डॉक्टरकडे न्यायला लागेल," ती फोनवर म्हणाली होती. फक्त आजच्या आज न्यायचा. नाही जमलं तर दुपारी चारला कुठल्याशा कुत्र्यांच्या आश्रमाची पिंजऱ्याची गाडी येणार होती. तसं तिनं ठरवून ठेवलं होतं, म्हणजे ऐनवेळी पंचाईत नको.

कडूबा दहा वाजता इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाला. गाडी फाटकाबाहेर काढून पुसली, गोधडी झटकून अंथरली, पुढचं दार उघडलं. "चला दिवाणजी."

दिवाणजी दारापर्यंत आले, आत बघितलं आणि खाली बसले.

हिमानीनं बिस्किट दाखवलं. त्यानं मान लांब करून बिस्किट खाल्लं आणि पुन्हा बसला. फळी तिरकी लावली, तर तो फळीवर पाय ठेवून बसला. दोघांनी मिळून उचलायचं ठरवलं. पुढचं टोक कडूबानं धरलं, मागचं हिमानीनं. पुढचे पाय गाडीत गेले तेव्हा मागचे बाहेर, मागचे रेटले तेव्हा पुढचे बाहेर. अद्रकीची पोती उचलणारा कडूबा धापा टाकत दगडावर टेकला.

"झोपेचं इंजेक्शन देऊया का?"

"डॉक्टर नाय म्हणले ना ताई. वय झालंय त्याचं."

"मग काय करायचं काका? दीड वाजला."

यमुनाबाई फाटकाच्या पायरीवरच उभ्या होत्या, हातात एकच डबा घेऊन. बिनमिठाचा. सकाळपासून त्या पायरी उतरल्या नव्हत्या. "गुडघा दुखतोय," असं दोनदा न विचारता सांगून झालं होतं.

कडूबाला उपाय ठाऊक नव्हता असं नाही. पण साहेब गेल्यापासून ती हाळी त्याच्या तोंडून फुटली नव्हती. रिकाम्या गाडीवर थापा मारून ओरडायचं कसं? तेही साहेबांच्याच दारात? त्यानं घड्याळ बघितलं. मग उठला, मागचं दार लावलं, टपावर दोन थापा मारल्या.

"देवगाऽव, देवगाव, देवगाऽव!"

आवाज मध्येच फाटला. समोरच्या बंगल्याची खिडकी मात्र आज लागली नाही, उलट उघडली.

दिवाण ताडकन उठला. शेपटीनं हिमानीचा फोन उडवला. पुढच्या दारापाशी आला, एक पाय आत टाकला, मान वळवून मागच्या शिटाकडं बघितलं. पाय काढून घेतला. बसला.

"अगं ताई," कडूबा हळूच म्हणाला, "मागची सवारी नाय ना. मागं भरल्याबिगर हा पुढं चढत नसतो. मीच लावल्याली सवय."

"मग मी बसते की," म्हणत हिमानी मागं जाऊन बसलीसुद्धा. पुन्हा दार, पुन्हा थापा, पुन्हा हाळी. दिवाण उठला, हिमानीला हुंगलं. मग फाटकाकडं बघत उभा राहिला. हलेना.

कडूबानंही तिकडं बघितलं. पायरीवर डबा घेतलेली बाई. त्याला एकदम हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही.

"काकू, हातात डबा घेऊन कुणी उभं ऱ्हायलं की ते सवारीच असतंय. उभी सवारी दिसत असली तर गाडी हलती व्हय? या तुमी."

"मी? माझ्या साडीला…"

"लागू द्या की आता."

यमुनाबाईंनी हिमानीकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं. मग घरातल्याच सपाता घालून, गुडघा अजिबात न दुखता, त्या तीन पायऱ्या उतरल्या. हिमानी बाहेर, त्या आत. दार. दोन थापा. तिसऱ्या हाळीची गरजच उरली नाही. दिवाणजी स्थानापन्न झाले होते.

वाटेत कडूबानं त्यांना सगळं दाखवलं. इथं खिसा भरला होता. इथं साहेब चहा घ्यायचे, तुम्हाला सांगू नको म्हणायचे, साखरेचा. दौलताबाद फाट्यावर पारूबाईनं पेरू पुढच्या खिडकीत दिला आणि मागं वाकून बघितलं. कारकुनाच्या जागी बाई दिसल्या. एक पेरू आणखी कापला, मीठ लावून मागं दिला. जीपचे किस्से झाले, एकवीस माणसं झाली, उरलेल्यांना काय सांगायचो तेही झालं. यमुनाबाई हसल्या. "सात वर्षं घरी बसून वाती वळल्या मी," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

देवगावात दिवाण उतरला तो मक्यात. तुरे हलायला लागले. पूर्वीइतके लांबवर नाही. यमुनाबाई त्याच बाजेवर बसून ते बघत राहिल्या. सारजाबाईनं चहा दिला. दहीभात मात्र यमुनाबाईंनी दिवाणला स्वतःच्या हातानं भरवला, बोटं चाटू दिली.

ऊन कललं आणि निघायची वेळ झाली, तेव्हा कडूबा किल्ली हातात घेऊन घुटमळला. काकू मागं बसणार, दार लागणार, आणि हा शहाणा पुढं चढून बसणार. रीतच होती तशी. बांधून घालावा लागला तर? आल्या दिवशीच बांधलेलं कुत्रं या घराला आपलं कसं म्हणेल?

यमुनाबाई गाडीपर्यंत आल्या. मागच्या दारापाशी क्षणभर थांबल्या. मग पुढं झाल्या, पुढचं दार उघडलं आणि केसांनी भरलेल्या त्या गोधडीवर बसल्या.

दिवाण आला. खिडकीतून डोकं आत घातलं, आपल्या जागेवर बसलेल्या बाईकडं बघितलं. त्यांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला.

"मागून गाडी आहे, दिवाण. दमानं ये."

तो तसाच उभा राहिला. मग डोकं बाहेर काढलं, लिंबाखाली गेला आणि सारजाबाईच्या पायाशी बसला. कडूबानं थापा मारल्या नाहीत, हाळी दिली नाही. गाडी अलगद सोडली.

कसाबखेडा मागं पडलं. यमुनाबाईंच्या मांडीवर करडे केस होते. त्यांनी ते झटकले नाहीत.

"कडूबा, असते का हो खरंच मागून गाडी?"

पंचवीस वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. त्यानं गिअर बदलला.

"असती की. दिवाळीला पुण्याला येतो न्यायला. दिवाणजी अन् मी."

"पण मागं कुणी बसल्याशिवाय चढतो का तो?"

"सारजाला बसवतो. तिनं तरी पुणं कुठं बघितलंय?" कडूबा म्हणाला. "पण काकू, तवा तुमी तिच्याजवळ मागंच बसायचं. पुढची सवारी ठरल्याली हाये."