कानसेनांची सही

माझ्या मामांना कामावर सगळे कानसेन म्हणायचे. मामा लिफ्ट तपासायचे. इमारत चार मजल्यांची असो की वीस, वर्षातून एकदा तिथल्या लिफ्टची तपासणी करून ‘चालवण्यास हरकत नाही’ असं लिहून खाली सही करायची, हे त्यांचं काम. बाकीचे लोक यंत्रं लावून आकडे टिपायचे. टिपायचे मामाही, पण सही मात्र कानाला विचारून करायचे. लिफ्टमधला पंखा बंद, दार बंद, डोळे बंद, आणि तळापासून वरपर्यंत तीन फेऱ्या. ‘यंत्र आकडा सांगतं, कान कारण सांगतो,’ हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय की परीक्षेत आलं असतं तर पहिली आले असते. मी त्यांच्याच घरी वाढले. मामा बरोबर असले की लिफ्टमध्ये आम्हाला शिंकायचीही चोरी होती.

दोन महिन्यांपूर्वी ते निवृत्त झाले, आणि इकडे मामीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख पडली, येत्या गुरुवारची. नंतर कितीतरी महिने वाळूत पाय ठेवायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा मामीनं आयुष्यात पहिल्यांदा हट्ट केला. म्हणाली, “एकदा समुद्रात पाय बुडवून येऊ दे, मग कापा काय कापायचं ते.” मी फाटकासमोरच पाणी असलेलं हॉटेल शोधलं आणि हौसेनं सहाव्या मजल्यावरच्या खोल्या घेतल्या. समुद्र पूर्ण दिसावा म्हणून. शहाणपणा माझाच.

शनिवारी दुपारी पोचलो. लिफ्ट गुळगुळीत, खाली गालिचा, आवाज म्हणाल तर शून्य. तिसऱ्या मजल्यापाशी मामांनी डोळे मिटले. हा चेहरा मला ओळखीचा होता.

सहाव्या मजल्यावर बाहेर पडल्यावर ते म्हणाले, “टक् आवाज येतोय. मी सांगेपर्यंत या लिफ्टमध्ये कुणी पाऊल टाकायचं नाही.”

“अहो, मग मी खाली कशी जाऊ?” मामीनं विचारलं. तिला घरचे दोन जिने उतरताना घाम फुटतो.

“नाही जायचं.”

झालं. समोर खिडकीभर समुद्र, आणि मामी खुर्चीत पाय वर घेऊन बसलेली. संध्याकाळी चहा वर आला, जेवण वर आलं. मी दहा वेळा म्हटलं की मामा, मला काही ऐकू आलं नाही. “तुला कधी आलंय?” एवढंच उत्तर. मामी टोमणे मारायची थांबली तेव्हा मला जास्त काळजी वाटली. थट्टा बंद झाली म्हणजे तीही घाबरली होती. चाळीस वर्षांत त्यांचा कान चुकला नव्हता, हे माझ्यापेक्षा तिला जास्त माहीत होतं.

रविवारी सकाळी मामा खोलीत नव्हते. मी जिन्यानं धावत खाली गेले, तर हे लिफ्टच्या दारात उभे. सामान घेऊन आलेल्या एका कुटुंबाला सांगत होते, “जिन्यानं जा. लहान मुलं आहेत तुमच्याबरोबर.” त्या बाईनं मुलांना असं काही जवळ ओढलं की समोर वाघच उभा असावा. मॅनेजर हात जोडायच्या बेतात होता.

“काका, सकाळपासून चार पाहुणे खोली सोडून गेले. आमच्याकडे प्रमाणपत्र आहे हो!”

“प्रमाणपत्रं मीच देत होतो,” मामा म्हणाले. “दुरुस्तीवाल्याला बोलवा. तोवर मी इथून हलणार नाही.”

मला लाज वाटत होती आणि भीतीही वाटत होती. हे खरं ठरलं तर? आणि खोटं ठरलं तर?

दुरुस्तीवाली आली. चाळिशीची बाई, खांद्यावर हत्यारांची पिशवी, कामाशी काम. मामांनी नाव सांगितलं तशी ती थबकली. “तुम्ही म्हणजे ते कानसेन? आम्हाला शिकवताना तुमचे किस्से सांगायचे!” मामांची मान जरा ताठ झाली. मला तेवढंच बरं वाटलं.

तिनं सगळं मामांच्या पद्धतीनं केलं. पंखा बंद, दार बंद, तीन फेऱ्या. मीही आत होते.

“आला! आत्ता!” मामा म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. मग तिनं वर जाऊन मोटर पाहिली, तारेचे दोर हातानं चाचपले, दाराचे रूळ बघितले. तासाभरानं परत आली ती कपाळावर आठी घेऊनच. “काका, काही सापडत नाही. तुम्हाला नक्की येतोय?”

“तुला येत नाही?”

तिनं थोडा विचार केला. लिफ्ट चौथ्या मजल्यावर दार उघडून उभी केली आणि खालून मॅनेजरला मुख्य बटण बंद करायला सांगितलं. लिफ्टमधला दिवा गेला. “आता सगळं बंद आहे, काका. ऐका.”

मामांनी भिंतीला कान लावला. बराच वेळ लावला. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, ते मोजत होते. मग ते भिंतीपासून दूर झाले, मधोमध येऊन उभे राहिले, आणि त्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली. तसेच उभे राहिले. मग बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसले.

“अजून येतोय?” तिनं हळूच विचारलं.

मामांनी मान डोलावली. आवाज लिफ्टमध्ये नव्हताच. मामांच्या कानात होता. आमच्या घराखाली पत्रे ठोकायचा कारखाना आहे, दिवसभर ठणाणा चालू असतो. तिथं हा टक् कुणाला कळणार होता? इथं खोलीतही लाटांचा आवाज होता; या बंद लिफ्टसारखी शांतता मामांना कित्येक दिवसांत मिळाली नव्हती.

“वयानं होतं, काका. माझ्या वडिलांनाही होतं,” ती म्हणाली.

खरं सांगते, माझा जीव भांड्यात पडला. मी म्हटलंसुद्धा, “म्हणजे लिफ्ट चांगली आहे! मामी खाली जाऊ शकते!”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. तसं त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं, अगदी मी नववीत नापास झाले तेव्हाही नाही. “हा आवाज कधीपासून आहे?” ते म्हणाले. मग स्वतःशीच, “आणि त्याच्याखाली काय काय बुडालं असेल?”

खोलीत येऊन त्यांनी टेबलावरचा हॉटेलचा कागद घेतला आणि लिहायला बसले. गेल्या वर्षभरात सही केलेल्या इमारती. एकतीस. आठवायला त्रास पडला नाही, सोयरे आठवावेत तशा आठवत होत्या. यादीच्या टोकाला त्यांनी प्रसूतिगृह लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

“तिथला आकडा जरा वर होता,” ते म्हणाले. “नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात गेलो होतो. यंत्र म्हणालं, पुन्हा बघ. कान म्हणाला, काही नाही. मी कानाचं ऐकलं.”

मामीनं काठी घेतली, उठली आणि म्हणाली, “चला. फोन खाली बसून करा. इथं बसलात तर भिंतीलाच कान लावून बसाल.”

लिफ्टमध्ये त्यांनी डोळे उघडे ठेवले. मामीनं त्यांचं मनगट धरलं होतं. सहा मजले मी श्वासही जपून घेतला.

पाण्याकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्या होत्या. मामीला मी धरून धरून खालच्या पायरीपर्यंत नेलं. पाणी घोट्यापर्यंत आलं. “गार आहे गं,” ती म्हणाली, पण तोंड मागे, वरच्या बाकाकडे. मामा समुद्राकडे पाठ करून बसले होते. रविवार असल्यामुळे तिसऱ्या खेपेला फोन लागला. एका कानानं नीट भागेना म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

“कानसेन! काय म्हणता? मजा ना?” पलीकडचा त्यांच्याच ऑफिसातला होता.

“प्रसूतिगृहाची लिफ्ट आज बंद करा. पुन्हा तपासा. बाकीची यादी पाठवतो.”

“अहो, ती तर तुम्हीच पास केलीय! तुमची सही आहे.”

“म्हणूनच सांगतोय.”

पलीकडचा हसला. त्याला वाटलं, रिकामपणी सुचलेली गंमत. मामा हसत नाहीत हे त्याला जरा उशिरानं कळलं. “बरं, बंद करायला सांगतो. पण कानसेन, रविवारी लिफ्ट बंद करायची म्हणजे नोंद लागणार. कारण काय लिहू?”

माझ्या हातातला मामीचा हात घट्ट झाला. मला ओरडून सांगावंसं वाटलं, आकडा चुकला लिहा, यंत्र बिघडलं लिहा, काहीही लिहा.

“लिहा,” मामा म्हणाले. “तपासणाऱ्याला नीट ऐकू येत नाही.”

लाटांचा आवाज होता, पलीकडच्याला ते कळलं नाही. “काय म्हणालात? जरा मोठ्यानं सांगा.”

मामा उभे राहिले आणि त्यांनी तेच वाक्य पुन्हा सांगितलं, एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं.