टकरीचा रेणू

सर चिडले की भिंतीवर गुद्दे घालत. परभणीच्या कॉलेजात त्यांच्या टेबलामागचा गिलावा पार उडाला होता, आणि कीबोर्ड तर दर सेमिस्टरला नवा लागे. पाण्यातून ऑक्सिजन वेगळा काढायला मदत करतील असे रेणू ते कॉम्प्युटरवर रचत. "पानी गोडीगुलाबीनं फुटत न्हाई, पोरी," ते मला म्हणत. "त्याला हाणावंच लागतंय." पाठीमागे आम्ही विद्यार्थी त्यांना एडका म्हणायचो.

नावाला कारण होतं. ताडकळसजवळ त्यांच्या घरी मेंढरं होती आणि वडील टकरीचे एडके पाळत. शिकवताना सर दोन्ही मुठी समोरासमोर धरून आपटत. एकेक मूठ म्हणजे लोखंडाचा अणू, पुढे चिकटलेला ऑक्सिजन. असे दोन ऑक्सिजन धडकले की जुळतात आणि वायू होऊन सुटतात. बोटांची सालटी निघाली तरी त्यांना भान नसे.

घोडं अडलं होतं ते एका ठिकाणी. अणू समोरासमोर राहावेत म्हणून सरांनी ते कार्बनच्या ताठ दांडीने जोडले होते, आणि स्क्रीनवर टक्कर झाली की दांडीच तुटे. पहिल्याच धडकेत मरणारा रेणू काय कामाचा? अशी कितीतरी वर्षं गेली. एका दुपारी त्यांनी मॉनिटर फोडायला हात उगारला. मी घाबरून मनगट पकडलं. त्यांनी असा हिसडा दिला की माझ्या खांद्यात कळ गेली. मग ते मटकन खाली बसले.

"बानं आसंच केलं," ते म्हणाले. "टकरीच्या टायमाला मागून दावं ताणून धरलं. एडक्याची मान मोडली. ढील दिली आसती तर जगला आसता. मी बी तेच करायलोय."

दांडीच्या जागी त्यांनी लवचीक साखळी घातली, आकडेमोड सुरू करून दिली आणि रविवारी गावी गेले. तिथे दोन एडके दावी तोडून एकमेकांना भिडले. सोडवायला सर मध्ये शिरले आणि धडक त्यांच्या छातीवर बसली.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा त्यांच्या तोंडातून रक्त येत होतं.

"तुटली का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. साखळी टिकली. सगळ्या टकरी झेलल्या."

ते हसायला गेले आणि उशी लाल झाली. मी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला होता.

"ढील दे, पोरी," ते म्हणाले.

मला नाही जमलं.