मॉरिसच्या दांड्यासाठी लातूरपर्यंत

नांदेडचे लोक लातूरला जातात ते क्लासची चौकशी करायला. मी आणि माझे मामा गेलो ते वीतभर लांबीच्या एका लोखंडी दांड्यासाठी.

हा दांडा मामांच्या जुन्या मॉरिसच्या वॉटर पंपातला. मामांचं कंधारला कापडदुकान आहे. गाडी त्यांच्या वडिलांची. दांडा झिजल्यामुळे पंप गळायचा, म्हणून गाडीखाली मामींची पीठ मळायची परात ठेवलेली. साठलेलं पाणी पुन्हा रेडिएटरमध्ये. गल्लीत टँकरपुढे घागरींची रांग, आणि आपण गाडीला पाणी पाजतोय, याची मामांना लाज वाटे. त्यांनी ठरवून टाकलं होतं : आता गळती थांबली नाही, तर हैदराबादचा एक शौकीन मागतोय, त्याला गाडी द्यायची. मामी लग्न होऊन याच गाडीतून आल्या होत्या. निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "मला माझी परात पायजे."

कंधारहून सकाळची एसटी धरली. मन्याड नदीच्या कोरड्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती. पाणी घरूनच घ्या. अहमदपूरच्या हॉटेलात भजी गरम होती, पण पाणी अर्धाच ग्लास. एसटीत उदगीर जिल्हा होणार का यावर वाद रंगला होता.

"जिल्हा झाला की पाणी येईल का?"

"पाणी न्हाई, कलेक्टर येईल."

"मंग त्यालाबी रांगेत उभं करा!"

लातूरच्या औद्योगिक वसाहतीत अझहरभाईंचं वर्कशॉप आहे. जायच्या आधी फोन करा, आठवड्यातून एक दिवस वीज नसते. बाजारात न मिळणारे जुन्या गाड्यांचे भाग ते सीएनसी लेथवर करतात : नमुन्याची मापं संगणकात भरायची, मशीन तसाच तुकडा कापून देतं. मामांनी रुमालात गुंडाळलेला दांडा पुढे ठेवला. नुसता चकाकत होता. एका टोकाची पुली तेवढी गंजून घट्ट बसलेली.

अझहरभाईंनी मापं घेतली. काचेआड दुधाळ पाण्याची धार उडत राहिली आणि चहा संपायच्या आत नवा दांडा बाहेर आला. मग त्यांनी जुन्यावरची पुली ठोकून काढली, नव्यावर चढवली. ती खुळखुळली.

मामांचा चेहरा उतरला. "गेली म्हना गाडी."

अझहरभाईंनी जुना दांडा उजेडात धरला. पुलीखालचा भाग तांबडा आणि किंचित जाड होता.

"मामा, ह्याला काय केलंत?"

"चिंच लावली. राखेनं घासला. मंग पॉलिश पेपर. दुसऱ्याच्या दारात घाण वस्तू न्यायची असती का?"

देवाची उपकरणी घासावीत तसा मामांनी तो आठवडाभर घासला होता. होती-नव्हती ती झीज त्यामुळे सारखी झाली, आणि मशीनने ते बारीक माप खरं मानून इमानदारीने उतरवलं.

"नवरी लई नटवून आणली तुमी," अझहरभाई हसले. "वयच कळंना! जिथं तुमचा हात पोचला न्हाई, तिथं खरं माप हाय."

गंज हलकेच पुसून त्यांनी तिथलं माप घेतलं, पडद्यावरचे आकडे बदलून दुसरा दांडा कापला. त्याच्यावर पुली नुसत्या हाताने सरकेना, पाहिजे तशी घट्ट. हातोडीने हळूहळू बसवावी लागली. पैसे त्यांनी एकाच दांड्याचे घेतले.

दुसऱ्या दिवशी कंधारला पंप बसवला. रात्रभर परात गाडीखालीच होती. सकाळी मामींनी वाकून तिच्यात बोट फिरवलं. कोरडी. परात उचलून त्या आत गेल्या.

जुना दांडा माझ्या टेबलावर आहे, अर्धा चकचकीत, अर्धा गंजका. नांदेडला परतल्यापासून तो पुसायचा मोह मी आवरतो. परवा मामींचा फोन आला.

"परात घासून घासून हात दुखले, तेलाचा वास जाईना. भाकरीला मॉरिसचा वास येऊन राहिला."

"मग मामा काय म्हणतात?"

"काय म्हनतील? गुमान खाऊन राहिले."