खंडेनवमीला बंद केलेला कॉम्प्युटर

आमच्याकडे खंडेनवमीला चालू मशीनची पूजा करत नाहीत. निघोज्याच्या शेडमधला प्रेस, ड्रिल, वेल्डिंगचे संच आदल्या संध्याकाळी पुसून बंद करतो आणि सकाळी त्यांना हळदकुंकू लागतं. आकुर्डीच्या घरातला कॉम्प्युटरही मी त्यातच धरतो, कारण पत्र्याच्या पार्टची सगळी ड्रॉइंग त्याच्यात आहेत. गेल्या नवमीला बायको पूजेचं ताट घेऊन आली तेव्हा तो चालूच होता. अपडेट चाललंय, बंद करू नका, असं पडद्यावर लिहिलेलं. थोडा वेळ थांबलो. पण पूजा माझ्या घरात आणि परवानगी त्याची, हे पटेना. भिंतीवरचं बटण बंद केलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला.

दसऱ्याला सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला, पण ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर उघडेना. लायसन्सची सर्व्हिस सुरू होऊ शकली नाही, एवढाच मजकूर यायचा. ही सर्व्हिस म्हणजे मागे गुपचूप चालणारा पहारेकरी. तो जागेवर नसला की सॉफ्टवेअर दार उघडत नाही.

एरवी मी दोन दिवस भांडत बसलो असतो. पण चाकणच्या एका कंपनीने नव्या पार्टचा नमुना दुसऱ्या दिवशी सकाळी मागितला होता. त्यासाठी लेझर कटिंगवाल्याला दुपारपर्यंत फाइल हवी होती. नमुना चुकला तर ते काम दुसऱ्याला जाणार, हे तिथल्या साहेबाने हसत हसत सांगितलं होतं. या कामासाठी मी त्याच्या केबिनबाहेर पुष्कळ खुर्च्या गरम केल्या होत्या.

कॉम्प्युटर बंद करून चालू केला, दोनदा. टेबलावर हात आपटला. कॉम्प्युटरच्या दुकानवाल्याचा फोन बंद, सणाचा दिवस. सॉफ्टवेअरच्या मदत केंद्रातल्या मुलीने हिंदीत गोडीने विचारलं, लायसन्स कोणाच्या नावावर आहे? ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याशीच बोलता येईल, म्हणाली. मी आवाज चढवला. तिने तेच वाक्य त्याच गोडीने पुन्हा म्हटलं.

लायसन्स माझ्या जुन्या भागीदाराच्या नावावर होतं. आम्ही दोघं एकाच कंपनीत एका शिफ्टला होतो, एकदमच नोकरी सोडली आणि शेड घेतली. तो ड्रॉइंग काढायचा, मी गिऱ्हाइकाशी घासाघीस करायचो. मग एक दिवस तो वेगळा झाला आणि आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक त्याच्याबरोबर गेलं. ते त्याच्या ड्रॉइंगमुळे आलं होतं असं तो म्हणतो. ते माझ्या जिभेमुळे आलं होतं, हे मी आजही कोणाला पटवून देऊ शकतो. तेव्हापासून आमचं बोलणं नव्हतं. तो सांगवीला राहतो. त्या बाजूला काम निघालं तरी मी त्याची गल्ली टाळायचो.

फोन बायकोने लावला. "भाऊजी, यांचा कॉम्प्युटर अडलाय," म्हणाली आणि फोन माझ्या हातात देऊन आत गेली.

त्याने काय झालं ते ऐकून घेतलं. मी म्हटलं, अपडेटने घाण केली.

"नवमीला बटण बंद केलंस ना?" तो म्हणाला.

पूजा होती, म्हटलं.

"दर वर्षी आदल्या संध्याकाळी तुझ्याकडे थांबून मी तो नीट बंद का करायचो, राव? मला घर नव्हतं?"

उपाय सांग, म्हटलं. तो म्हणाला, सांगतो, पण आज सोनं द्यायला माझ्या घरी यायचं. आपट्याची पानं घेऊन धाकट्याने थोरल्याकडे जायचं असतं, हे मलाही कळतं. पण तो माझ्यापेक्षा थोडेच महिने मोठा. तूच इकडे ये, म्हटलं. नाही म्हणाला. बरं, आकुर्डी स्टेशनवर भेटू. तेही नाही. मग मी म्हटलं, आधी काम होऊ दे.

"आधी बोली, मग काम," तो म्हणाला. "तूच शिकवलंस ना?"

घड्याळाकडे पाहिलं आणि येतो म्हणालो.

मग तो सांगत गेला, मी करत गेलो. आधी अर्धवट राहिलेलं अपडेट पूर्ण होऊ द्यायला लावलं. टक्के वाढत होते तोवर दोघंही फोन धरून होतो. त्याच्या घरात कढईत काहीतरी तळल्याचा आवाज येत होता. पुढे सर्व्हिसेसची यादी उघडायला सांगितली. त्यात लायसन्सची सर्व्हिस बंद करून ठेवलेली दिसली. ती आपोआप सुरू होईल अशी करायची आणि एकदा हाताने सुरू करायची, एवढंच होतं. सॉफ्टवेअर उघडलं. "झालं," म्हटलं आणि फोन ठेवला. दुपारच्या आत फाइल गेली, सकाळी नमुना पोचला आणि काम मला मिळालं.

दसऱ्याच्या संध्याकाळी पानं घेऊन मी सांगवीला गेलो होतो. ठरलेला शब्द मी मोडत नाही. त्या बाबतीत मी त्याच्यासारखा नाही. त्याने दार उघडलं. मी पानं दिली, त्याने दिली. आत ये, चहा टाकलाय, म्हणाला. मी चपला काढल्या नाहीत. बोली दारापर्यंतचीच झाली होती.