टॉवेलचा खिळा

बाथरूमच्या भिंतीतून गवंड्याने एक गंजलेला खिळा उपसला आणि माझ्या हातावर ठेवला.

"काका, हा थेट पाइपात घुसलाय. ओल इथूनच झिरपते, म्हणून भिंतीची ही पांढरी भुकटी खाली पडते."

माझ्या टॉवेलसाठी तो खिळा मीच ठोकला होता.

ती पांढरी धूळ रोज फरशीवर असायची. "एवढंसं बाथरूम तुला स्वच्छ ठेवता येत नाही," असं मी बायकोला, सुमनला, पाहुण्यांसमोरही ऐकवायचो. ती फडकं घेऊन आत जायची. इतकी वर्षं पाझरत होती भिंत, आणि मी बोट दाखवत होतो माणसाकडे. गेल्या वर्षी सुमन गेली, तरी धूळ पडतच राहिली, तेव्हा कुठे मी गवंड्याला बोलावलं.

मुलीला लगेच फोन केला. खिळ्याचं सगळं सांगून म्हटलं, "चूक माझी होती गं."

ती म्हणाली, "बाबा, हॉस्पिटलातसुद्धा आई मला विचारत होती, माझं पुसताना नेमकं कुठे चुकतं गं?"

जाताना गवंडी म्हणाला, "पंधरा दिवसांत भिंत खडखडीत वाळेल."

मी मान हलवली. हे आता तिला कुठे जाऊन सांगू?